बंदी विक्रीवर घाला, चाचणीवर कशाला?

पांढरंसोनं (धागा)

दोन दिवसांपासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय: "बीटी कापसाने विदर्भाची वाट लावली. जीएम बियाण्यांचं संशोधन आणि शेतातल्या चाचण्या सरकारने कायमच्या बंद कराव्यात." (जीएम म्हणजे जनुक बदललेलं; बीटी म्हणजे अळी मारणारं प्रथिन झाडातच बनवणारं जनुक घातलेलं.) ज्यांना कापूस कळतो अशांनीही खाली होकार भरलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

विक्री आणि चाचणी यांची गल्लत होतेय. बियाणं वाईट निघालं तर विक्री नाकारा. पण ते वाईट आहे हे चाचणीशिवाय ठरवणार कशावरून? पहिल्या पातळीच्या चाचणीला एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर मिळतो. शेजारच्या पिकापासून ठरलेलं विलगीकरण अंतर सोडायचं, कडेला साध्या वाणाच्या ओळी लावायच्या, काढणीनंतर उरलेलं सगळं जाळायचं, पुढच्या हंगामात आपोआप उगवलेली रोपं शोधून उपटायची. 2011 पासून याच्यावर राज्याचं ना-हरकत पत्रही लागतं आणि फाइल तिथेच बसते.

वांग्याचं बघा. केंद्राच्या समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला, 9 फेब्रुवारी 2010 ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. कारण दिलं की स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत. कारण रास्त होतं. मग त्या चाचण्या करून घ्यायची जबाबदारी सरकारचीच होती ना? बांगलादेशने त्याच जनुकाच्या वांग्याला 2013 मध्ये परवानगी दिली आणि जानेवारी 2014 मध्ये 20 शेतकऱ्यांना रोपं दिली. वाण सरकारी संस्थेचे, सरळ, बी घरी धरता येणारे. आपण अजून 2010 मध्येच उभे आहोत.

काळीमाती

"जाळायचं, उपटायचं" हे कागदावर. प्रत्यक्षात राखण करतो तो कंपनीचाच माणूस. इतिहास काय सांगतो? 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत 'नवभारत 151' हे विनापरवाना बीटी वाण हजारो हेक्टरवर उभं सापडलं. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा अर्ज कंपनीने 2016 मध्ये मागे घेतला, तरी पुढच्याच वर्षी तो महाराष्ट्र, तेलंगण, आंध्रात निघाला. ज्या देशाला एक एकर राखता येत नाही, त्याने तो एकर पेरू नये. वांग्याचा तर उगमच आपल्याकडचा. देशी वाणांत एकदा परागकण गेला की तो परत बोलावता येत नाही.

निंदण_डवरण

काळीमाती, तुमची भीती खरी असंल, पण बंदीनं थांबलं काय? 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं उघडपणे हे तणनाशक सहन करणारं बियाणं पेरलं. पाच वर्षं कैदेचा कायदा माहीत असून लोक जमले. कारण एकच: निंदणाला मजूर मिळत नाही, आणि पाऊस लागून राहिला की तण काढायचा डवरा वावरात जात नाही. दोन हप्त्यांत तण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) वर जाते.

बंदीमुळे शेतकऱ्याचं नुकसान कसं होते ते सांगतो. पाकिटावर ना लॉट नंबर, ना टॅग, ना पक्कं बिल. पाकिटातलं निम्मं बियाणं भलतंच निघालं तर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारल्यावर आठ-दहा दिवसांत तेवढी झाडं पिवळी पडून मरतात, ओळीत खिंडारं राहतात. तक्रार करायला जाल तर गुन्हा तुमच्यावरच.

बीजपारखी

निंदण_डवरण यांच्या मुद्द्यात भर. ही फसवणूक पकडणं अवघड नाही. कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत घ्या, सोबतचं द्रावण टाकून दांडीने चांगला चिरडा, त्यात चाचणीची पट्टी उभी बुडवा. पाच-दहा मिनिटांत दोन रेघा आल्या तर घातलेल्या जनुकाचं प्रथिन पानात आहे, फक्त वरची आली तर नाही, वरची रेघच आली नाही तर चाचणी बाद, पुन्हा करा. बोंडअळी मारणाऱ्या प्रथिनाची पट्टी वेगळी, तणनाशक सहन करणाऱ्या प्रथिनाची वेगळी. लोक एका झाडाचं पान घेऊन अख्ख्या पाकिटाचा निकाल लावतात, तिथे चुकतात. भेसळ मोजायची तर निदान 20-30 रोपांची पानं वेगवेगळी तपासावी लागतात.

पण एक विसरू नका. ग्लायफोसेटला आपल्याकडे नोंदणी आहे ती चहाचे मळे आणि बिगरपीक जागेसाठी. कापसावर नाही. बियाणं कायदेशीर झालं तरी फवारणीचा प्रश्न वेगळा सोडवावाच लागेल.

काळीमाती

फवारणीचं नाव काढलंत म्हणून. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. बीटीने फवारण्या कमी होतील असं सांगितलं होतं. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. तुमच्या संशोधनाचा शेवट तिथे झाला.

पांढरंसोनं

त्या मृत्यूंचं ओझं जनुकावर टाकू नका. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, वारा तोंडावर, हातमोजे-मास्क नाहीत, दोन-तीन औषधं एकाच पंपात. ही चूक शेतकऱ्याला शिकवणाऱ्या विस्तार यंत्रणेची आहे. आणि बोंडअळी परतली ती आपण नियम मोडले म्हणून. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं मिळायचं, आश्रयाच्या ओळींसाठी, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून. कडेने पाच ओळी किंवा 20 टक्के, जे जास्त असेल तेवढं ते लावायचं होतं. किती जणांनी लावलं? बांधावर फेकलं नाहीतर गुरांना घातलं.

निंदण_डवरण

दोष शेतकऱ्यावर ढकलू नका! त्या 120 ग्रॅमच्या पुडीतलं बियाणं कैकदा उगवतच नव्हतं, उगवलं तर फुलोरा भलत्याच वेळी. दोन एकरवाल्यानं 20 टक्के वावर अळीला चारायचं, अन् नियम करणारा पगार घेणार?

बीजपारखी

दोघेही अर्धंच बोलताय. मुख्य घोटाळा संकरित वाणांचा. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत आहे, झाडाच्या प्रत्येक सरकीत अळी मारणारं विष (तेच प्रथिन). आपल्याकडे जवळपास सगळं क्षेत्र संकरितखाली. संकरिताच्या बोंडात सरक्या एकसारख्या निघत नाहीत: काहींत बीटीची दोन्ही विषं, काहींत एकच, काहींत एकही नाही. गुलाबी अळी नेमकी सरकी खाते. एका सरकीत वाचलेली अळी शेजारच्या सरकीत थोडं विष चाखते आणि हळूहळू पचवायला शिकते. गुजरातेत 2010 पर्यंत पहिलं विष निकामी झालं, काही वर्षांत दुसरंही. अमेरिकेने मात्र आश्रयाच्या ओळी, नंतर नसबंदी केलेले पतंग आणि पऱ्हाटी शेतात न ठेवण्याचा सक्तीचा मोसम वापरून ही अळी संपवली, 2018 मध्ये तसं जाहीरही केलं.

काळीमाती

आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून आणखी कापूस वेचणं? ती कुणी शिकवली? झाडातलं विष साधारण 110 दिवसांनंतर उतरायला लागतं, आणि आपण पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवतो. म्हणजे अळीला चार महिने अर्धपोटी विषाची शाळा.

निंदण_डवरण

डिसेंबरात भाव पडलेला असतो, घरात पैसा नसते, म्हणून फरदड. मान्य, चूक आहे. ज्याले रब्बीचं पाणी आहे तो हरभरा पेरते, कोरडवाहूवाल्यानं काय करावं ते सांगा.

बीजपारखी

कोरडवाहूला 140-150 दिवसांत मोकळं होणारं वाण, अंतर कमी करून दाट पेरणी, डिसेंबरअखेर शेत रिकामं. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पेरणीनंतर दीड महिन्याने. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले तर फवारणी. त्याआधी डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा, आणि 20 हिरवी बोंडं फोडून पाहा, दोनांत अळी असली तरी तीच वेळ. पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका, जोडसरकीत (अळीने एकमेकींना चिकटवलेल्या सरक्यांत) अळी झोपलेली असते. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत.

आता मूळ मुद्दा. सरळ बीटी वाण सरकारी संस्थेने आणलं होतं: बिकानेरी नरमा बीटी, 2008, नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेकडून. त्यात कंपनीचं जनुक मिसळलेलं सापडलं आणि लवकरच ते मागे घ्यावं लागलं. त्या बियाण्याची शुद्धता आधी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली असती, तर घरी धरता येणारं बी आज शेतकऱ्याकडे असतं. काळीमाती, इथे तुमचा संशय योग्य आहे. संशोधन करणाऱ्याने स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ नये.

पांढरंसोनं

हे मी आधी मांडायला हवं होतं. वांग्याच्या वेळीही चाचणीची आकडेवारी कंपनीचीच होती, उंदरांवरचा अभ्यास 90 दिवसांचाच. जनुक संपादनाच्या (पिकाच्या स्वतःच्याच जनुकात छोटा बदल करण्याच्या) काही पद्धतींना केंद्राने मार्च 2022 मध्ये 1989 च्या कडक नियमांतून सूट दिली, 2025 मध्ये भाताचे दोन वाणही जाहीर केले. म्हणजे सरकारला वाटलं तर दार उघडतं. मग जीएम चाचणीचं दार तरी का बंद?

काळीमाती

ठीक. चाचणीला विरोध सोडतो, विक्रीला नाही. अटी माझ्या: वावराचं गाव, गट नंबर, पेरणीची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. कच्ची आकडेवारी उघड. राखण कृषी विद्यापीठाकडे, कंपनीकडे नाही. शेजाऱ्याच्या पिकात जनुक सापडलं तर भरपाई अर्जदाराने द्यायची, शेतकऱ्याने सिद्ध करत बसायचं नाही.

निंदण_डवरण

फलक लावा, भरपाईचं लिहून घ्या, काही हरकत नाही. पण त्या ना-हरकत पत्राला तारीख बांधा. कपाशीची पेरणी जूनमध्ये होते. पत्र ऑगस्टात आलं तर चाचणी पुढच्या वर्षावर, अन् त्या वर्षीही चोरीचंच पाकीट.