मतदान झालं, आता कारणं लिहा: सोलापूर, माढा, धाराशिव

प्रेषक: साखर पेठ (सध्या मुक्काम सोलापूर)
८ मे २०२४

मंडळी, नमस्कार.

काल लोकसभेचं मत देऊन आलो. सातच्या आधीच रांगेत जाऊन उभा राहिलो, कारण दहानंतर इथं उन्हात उभं राहवत नाही आणि दुपारी पारा चाळिशीच्या पुढं असतो. शाळेच्या पटांगणात मांडव होता, पाण्याचे जार होते. बायकांची रांग पुरुषांपेक्षा लांब. त्यात बऱ्याच जणी विडी कामगार, आपसात तेलुगूत बोलणाऱ्या. पानं भिजवून आल्या होत्या, मत टाकून परत विड्या वळायला बसायची घाई.

माझं नाव यादीत अगदी शेवटी, परदेशस्थ मतदारांत. आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना मतदार ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, पत्त्याचं पान पाहिलं, परत फोटो पाहिला. नाव मोठ्यानं वाचलं तसे समोरचे पोलिंग एजंट मान वर करून बघायला लागले. डाव्या तर्जनीला शाई, मग बटण, मग काचेमागं सात सेकंद चिठ्ठी. ती खाली पडेपर्यंत मी तिथून हललो नाही.

मत काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना दिलं. कारण पाणी. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी भरली तरी तेच, आणि यंदा तर धरण उणे साठ्यात गेलंय. ज्या रात्री पाणी यायचं असतं त्या रात्री वहिनीला झोप नाही. मोटार लावा, पिंपं भरा, हंडे-कळशा भरा, मग वरची टाकी. दहा वर्षं इथले खासदार भाजपचे होते, आधी शरद बनसोडे, मग जयसिद्धेश्वर स्वामी. उजनीची समांतर जलवाहिनी कुठवर आली, हे विचारायला माझ्याकडं मताशिवाय दुसरं काही नाही. दादा म्हणतो, प्रणितींचे वडील शिंदे साहेब मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्री झाले, तेव्हा तरी नळ रोज येत होता का? त्याचा प्रश्न खरा आहे. तो कमळाला देऊन आला.

रांगेत पुढं शेजारच्या काकू आणि त्यांची सून होती. जन्मभर विड्या वळलेल्या काकूंना कुंभारीच्या रे नगरात घर मिळालंय. तिथल्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरं १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. काकू म्हणाल्या, किल्ली ज्यानं दिली त्याला मत. सून म्हणाली, त्या घरांसाठी इतकी वर्षं मोर्चे माकपच्या आडम मास्तरांनी काढले, आणि मास्तर या वेळी पंजाबरोबर आहेत. मांडवाखाली दोघींचं हेच चालू होतं, आणि परत दोघी एकाच रिक्षानं गेल्या.

तुम्ही कुणाला दिलं, किंवा देता आलं असतं तर कुणाला दिलं असतं, ते लिहा. पक्षांची भाषणं नकोत, ती इथं भरपूर ऐकली. आपल्या घरचं, आपल्या गावचं कारण लिहा.

प्रेषक: मंडळाचे सचिव
८ मे २०२४

सभासदहो,

चर्चा जरूर करा, पण मंडळाच्या या चर्चेच्या यादीवर कुणी कौल घेऊ नये आणि आकड्यांचे अंदाज मांडू नयेत. शेवटचा टप्पा १ जूनला आहे, तोवर एक्झिट पोलवर बंदी आहे. दुसरं असं, की मत गुप्त असतं. साखर पेठवाल्यांनी आपलं सांगितलं, ती त्यांची इच्छा. ज्याला सांगायचं नाही त्याला कुणी टोकू नये. मी माझं सांगणार नाही. माझ्या आईवडिलांनीही एकमेकांना कधी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात ते मोडता येत नाही.

प्रेषक: मोहोळ
९ मे २०२४

सचिव साहेब, आमचे वडील स्वतःच पारावर सांगत बसलेत, म्हणून लिहितो.

आमचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात जातो. ८ डिसेंबरला निर्यातबंदी लागली तेव्हा लाल कांदा काढणीला आला होता. हा कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, दर असो नसो. त्या आठवड्याची विक्रीची पट्टी वडिलांनी जपून ठेवलीय. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन खाली जो आकडा उरलाय, त्यात काढणीच्या बायकांची मजुरीसुद्धा निघाली नाही. बंदी उठली ४ मेला, मतदानाच्या तीन दिवस आधी. तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क लावून. आमचा कांदा कधीच मातीमोल जाऊन झाला होता.

वडील २०१४ ला आणि २०१९ ला कमळ, दोन्ही वेळा मोदींकडं बघून. परवा पंजा. जाताना ती पट्टी सदऱ्याच्या खिशात घेऊन गेले होते, असं आईनं सांगितलं.

मी स्वतः तिथं असतो तर भाजपच्या राम सातपुतेंना दिलं असतं. ऊसतोड कामगाराच्या घरातून विद्यार्थी परिषदेत आणि तिथून आमदारकीपर्यंत आलेला माणूस आहे. त्यांना उपरा म्हणून हिणवलं गेलं ते मला पटलं नाही. ते ज्या माळशिरसचे आमदार आहेत ते आपल्याच जिल्ह्यात आहे. हे मी वडिलांना फोनवर बोललो. ते म्हणाले, तुला पगार येतो.

प्रेषक: बार्शी
९ मे २०२४

आम्हा बार्शीकरांचा जिल्हा सोलापूर आणि मत धाराशिवला, हे दर निवडणुकीला नव्यानं समजावून सांगावं लागतं. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात, फलटण आणि माणसोबत. सोलापूरच्या खासदाराकडं उरतं शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढा. तीन खासदारांत जिल्हा वाटला गेल्यामुळं आमच्या पाण्यासाठी नक्की कुणाच्या दारात जायचं, हे कुणालाच कळत नाही. घरच्यांनी ठाकरे गटाच्या ओमराजे निंबाळकरांना दिलं. ते स्वतः फोन उचलतात, एवढं कारण आमच्या भावाला पुरलं.

आणि सांगोला तालुक्यात एकानं केंद्रात शिरून ईव्हीएमवर पेट्रोल ओतून पेटवायचा प्रयत्न केला, ते वाचून फार वाईट वाटलं. राग कितीही असो, त्या यंत्रात सकाळपासून रांगेत उभं राहिलेल्यांची मतं होती.

प्रेषक: अक्कलकोट
१० मे २०२४

माझं नागरिकत्व बदललं, तेव्हा मतही गेलं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. त्यामुळं आईचं लिहिते.

तिचं वय पंच्याऐंशीच्या वर. या लोकसभेला अशांना घरून मत देता येतं, त्यासाठी १२ डी अर्ज आधी भरावा लागतो. तो भावानं भरला. निवडणुकीचे कर्मचारी घरी आले, एकजण चित्रीकरण करत होता, दारात पोलीस. आईनं चांगलं इरकल नेसलं होतं. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा केला, भावाला बाहेर थांबायला सांगितलं. तिनं मतपत्रिकेवर खूण केली, पाकिटात घातली, चिकटवली आणि साहेबांना कन्नडमधून विचारलं, हे वाटेत कुणी उघडणार नाही ना? त्यांनी पेटी दाखवली तेव्हा कुठं तिनं पाकीट हातातून सोडलं.

तिचं मत कमळाला. राममंदिर डोळ्यांनी पाहायला मिळालं म्हणते, टीव्हीवर का होईना. साखर पेठवाले दादा, तुम्हाला पाण्याचं कारण आहे, तिला हे आहे. तेही गावचंच कारण समजा.

प्रेषक: साखर पेठ
४ जून २०२४

ताई, समजलो.

निकाल सगळ्यांनी पाहिलाच असेल. प्रणिती शिंदे ६,२०,२२५, राम सातपुते ५,४६,०२८, फरक ७४,१९७. माढ्यात धैर्यशील मोहिते-पाटील, धाराशिवला ओमराजे. जिल्ह्याला लागणारे तिन्ही खासदार आता महाविकास आघाडीचे, राज्यात ४८ पैकी ३०. मला आनंद झालाय, तो लपवत नाही. २०१४ ला सुशीलकुमार शिंदे जवळजवळ दीड लाखांनी पडले, २०१९ ला १,५८,६०८ नी. त्या वेळी वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते, त्यांनी १,७०,००७ मतं घेतली होती. या खेपेला वंचितच्या उमेदवारानं माघार घेतली, हे विसरून कुणी ही नुसती लाट होती असं म्हणू नये. खरा उलटफेर गावांनी केला, मोहोळनं आणि पंढरपूर-मंगळवेढ्यानं. मोहोळकर, तुमच्या वडिलांची पट्टी एकट्याची नव्हती.

आता खासदार आमच्या बाजूचा, म्हणून पाण्याचा प्रश्न मी सोडणार नाही. प्रणितीताईंना पत्र लिहितोय. दादाही त्यावर सही करणार आहे.

प्रेषक: अक्कलकोट
५ जून २०२४

आमच्या अक्कलकोटनं कमळाचा हात सोडला नाही. आईनं मला विचारलं, माझं पाकीट मोजलं का? हो म्हटलं. अभिनंदन, दादा. पत्रात शहराबरोबर आमच्या तालुक्याचंही पाणी लिहा.

प्रेषक: साखर पेठ
जानेवारी २०२५

मंडळी, निवडणूक आयोगाची आकडेवारी आली आहे. देशभर परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले १,१९,३७४. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. महाराष्ट्रात नोंद ५,०९७, मतदान १७. सतरा! इतकी मंडळं, इतके गणेशोत्सव, इतकी अधिवेशनं, आणि सतरा माणसं. टपालानं मत द्यायचा विषय २०२० पासून नुसता चर्चेत आहे. प्रॉक्सीचं, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्यानं मत द्यायचं, विधेयक २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं बारगळलं. यासाठी आपण मंडळ म्हणून सरकारला काही लिहिलंय का, सचिव साहेब? नसेल तर मसुदा मी करतो.

तोवर नोंदणी तरी करून ठेवू. ज्यांनी दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही त्यांच्यासाठी ६ ए अर्ज, आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. पासपोर्टवरचा भारतातला पत्ता हाच आपला मतदारसंघ. फोटोचं, पत्त्याचं आणि व्हिसाचं पान स्कॅन करून सही करा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे केंद्रस्तरीय अधिकारी, गावच्या घरी चौकशीला येतात, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "तो इथं राहत नाही" असं उत्तर जातं आणि अर्ज अडकतो. ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी संध्याकाळी मला फोन करा, सोबत बसून भरू. बार्शीकरांनी जिल्हा सोलापूर आणि विधानसभा मतदारसंघ बार्शी निवडायचा.