बाल्टिक साखळीची रस्त्याकडेची स्मारकं: व्हिल्नियस ते तालिन मार्ग सुचवा

धागाकर्ता: पायवाट
सप्टेंबरात दोघं जण, भाड्याची गाडी, हातात ४ दिवस. २३ ऑगस्ट १९८९ ला लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनियाच्या लोकांनी सोव्हिएत सत्तेपासून स्वातंत्र्य मागत व्हिल्नियस, रीगा, तालिन या राजधान्या जोडणारी मानवी साखळी केली होती, तिच्या मार्गावरची स्मारकं बघायची आहेत. नकाशात तिन्ही राजधान्या टाकल्या की रीगाच्या पुढे पार्नूवरून जाणारा ई-६७ महामार्ग येतो. तोच धरू का? आणि वाटेत लिथुआनियातल्या शाउल्याय शहराजवळची क्रुसांची टेकडी (असंख्य क्रूस रोवलेली) होईल ना?

तिठा
रीगापर्यंत ठीक, पुढे अजिबात नको. सगळे इथेच फसतात. साखळी किनाऱ्याने गेलीच नव्हती. रीगाहून ती सिगुल्दा, त्सेसिस, वाल्मिएरा, रूयिएना अशी आतून गेली आणि एस्टोनियात कार्क्सी-नुइया, विल्यांडी, त्युरी, राप्ला करत तालिनला पोचली. पार्नूमार्गे गेलात तर उत्तरेचा जवळजवळ अख्खा भाग हुकेल. नकाशात वाल्मिएरा, रूयिएना, विल्यांडी, राप्ला हे थांबे हाताने घाला, नाहीतर तो पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर ओढतो.

दक्षिणेचा भाग: व्हिल्नियस, शिर्विन्तोस, उक्मेर्गे, पानेवेझिस, पास्वालिस, मग लाटव्हियात बाउस्का, इएत्सावा, केकावा. व्हिल्नियस ते पानेवेझिस आता द्रुतगती मार्ग आहे. कडेला क्रूस किंवा दगड दिसला म्हणून करकचून ब्रेक मारायचा नाही. पुढच्या फाट्याला उतरा आणि जुन्या रस्त्याने मागे या. पलीकडच्या बाजूला दिसलं तरी तेच.

साखळी सुमारे ६७५ किमीची होती. उत्तरेत गावाबाहेर वेगमर्यादा ९० आणि मधे गावं, त्यामुळे रीगा ते तालिनला पूर्ण दिवस द्या. परतीला खुशाल पार्नू, तालिन ते रीगा साधारण ३१० किमी. गाडी दुसऱ्या देशात सोडली तर वेगळा आकार लागतो, तो आधी विचारून घ्या.

कोनशिला
क्रुसांची टेकडी साखळीच्या मार्गावर नाही. पानेवेझिसहून शाउल्याय सुमारे ८० किमी पश्चिमेला, टेकडी त्याच्याही उत्तरेला. बघण्यासारखी आहे, पण या ४ दिवसांत कोंबू नका. गल्लत का होते ते कळतं: लिथुआनियात साखळीच्या स्मृतीलाही लाकडी क्रूस उभारलेत. त्यामुळे प्रत्येक क्रूस साखळीचा समजू नका, त्यावर १९८९ किंवा २३ ऑगस्ट कोरलंय का ते बघा. दगडावर लांबच्या गावाचं नाव दिसलं तर चक्रावू नका. तेव्हा गावागावांना रस्त्याचे तुकडे नेमून दिले होते, लोक बसने आणून उभे केले होते.

शोधताना स्थानिक नावं रोमन लिपीत टाका: लिथुआनियनमध्ये ‘बाल्तियोस केल्यास’ (Baltijos kelias), लाटव्हियनमध्ये ‘बाल्तियास त्सेल्श’ (Baltijas ceļš), एस्टोनियनमध्ये ‘बाल्टी केट्ट’ (Balti kett). इंग्रजी नावाने गावाकडचे दगड क्वचितच सापडतात.

पायवाट
आभारी आहे, टेकडी रद्द. शहरांत काय?

कोनशिला
व्हिल्नियसला दोन जागा. कॅथेड्रल चौकात, चर्च आणि घंटाघर यांच्या मधे ‘स्तेबुक्लास’ म्हणजे ‘चमत्कार’ असं लिहिलेली फरशी. साखळीचं टोक म्हणून ही ओळखली जाते. तिच्यावर उभं राहून गिरकी घेत इच्छा मागायची पद्धत आहे, म्हणून दिवसा रांग असते. सकाळी लवकर जा. दुसरी म्हणजे तादास गुताउस्कास यांची २०१० ची, लिथुआनियाच्या झेंड्याच्या तीन रंगांच्या विटांची भिंत, ६३.५ मीटर लांब, विटांवर देणगीदारांची नावं. ती वर्दळीच्या रस्त्यालगत आहे, गाडी लांब लावून चालत जा. रीगाला स्वातंत्र्य स्मारक, तालिनला टोम्पेआ टेकडीवरचा पिक्क हेर्मान मनोरा. या मनोऱ्याच्या पायथ्यापासून व्हिल्नियसच्या गेदिमिनास मनोऱ्यापर्यंत हात गुंफले होते, संध्याकाळी ७ वाजता, १५ मिनिटं.

तिठा
राहिलंच: तिन्ही देशांत दिवसाही दिवे लावून गाडी चालवायची. अंधारात रस्त्याकडेला उतरणार असाल तर अंगावर चमकपट्टी हवी, एस्टोनियात तो कायदाच आहे. आणि तिन्हीसांजेला जंगलपट्ट्यात वेग कमी ठेवा, मूस (मोठी हरणं) आडवे येतात.