सिलिंडरवाला पुन्हा परत गेला

सोमवार

बी-१०२ काकू, १२:४१
सिलिंडरवाला आज परत गेला. या महिन्यात दुसऱ्यांदा. वॉचमन मामा म्हणतात गेटवरून सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर तीनदा कॉल केला. माझा फोन ओट्यावर, पोळपाटाच्या शेजारी होता. वाजलाच नाही. पोळ्या झाल्यावर हात पुसून फोन उचलला, पॅटर्न काढला आणि तिन्ही मिसकॉल एकदम धडाधड आले. याला काय म्हणायचं?

सेक्रेटरी, १२:५०
काकू, अ‍ॅपवाल्यांशी बोललो. त्यांच्याकडून कॉल गेलेला दिसतोय. म्हणाले, मेंबरला इंटरनेट चालू ठेवायला सांगा.

बी-१०२ काकू, १२:५१
चालूच असतं हो. आमच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून तर वायफाय घेतलं.

ए-३०१ आजोबा, १२:५५
इंटरकॉम होता तेव्हा ही भानगड नव्हती. तार होती. वाजला की वाजला.

खजिनदार, १२:५८
आजोबा, तो विषय एजीएममध्ये झालाय. दोन विंगच्या केबल उंदरांनी खाल्ल्या होत्या.

सी-४०४, १:०२
सिंपल आहे. स्क्रीन बंद झाली की फोन वायफाय सोडतो. सेटिंग, वायफाय, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'कीप वायफाय ऑन ड्युरिंग स्लीप'. ते 'ऑल्वेज' करा.

बी-१०२ काकू, १:१५
सगळीकडे शोधलं. तसं काहीच नाही. उलट कुठेतरी बोट लागलं आणि फोन काळा-पांढरा झाला.

बी-५०४, १:१९
काकू, ती सेटिंग मिळणारच नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये होती. तीन पर्याय असायचे: नेहमी, फक्त चार्जिंगला असताना, कधीच नाही. अँड्रॉइड ८ च्या सुमारास बहुतेक फोनमधून ती गेली. स्क्रीन बंद झाली म्हणून आता फोन वायफाय सोडत नाही. व्हिडिओ मात्र अजून तेच फिरतायत. मीटिंगमध्ये आहे, दोनला लिहितो. काळा-पांढरा म्हणजे बेडटाइम मोड लागला असेल, तो बंद करा.

बी-६०१ काका, १:३०
फॉरवर्ड केलेला मेसेज: *सावधान!!* रात्री उशाशी वायफाय चालू ठेवून झोपणाऱ्यांनी हे नक्की वाचा. शेवटपर्यंत वाचा. १० जणांना पाठवा.

सी-२०३ वहिनी, १:३३
काका, हाच मेसेज तुम्ही परवा रात्री २ वाजता पाठवला होतात. वायफायवरूनच ना? 😄

बी-६०१ काका, १:३४
हा मेसेज डिलीट केला गेला.

बी-५०४, २:०८
आलो. आधी वायफाय झोपेत कसं चालतं ते सांगतो, म्हणजे उगाच राऊटरवर आळ यायला नको.

राऊटर सेकंदाला साधारण १० वेळा एक छोटी हाळी देतो. १०२.४ मिलिसेकंदांनी एक. तिला बीकन म्हणतात. फोन झोपला तरी त्याची वायफायची चिप पूर्ण झोपत नाही. ती डुलकी काढते आणि ठरावीक हाळीला एक डोळा उघडून बघते, यादीत आपला नंबर आहे का? नसला तर पुन्हा डुलकी. असला तर उठून माल घेऊन येते. तोवर राऊटर तुमचं पार्सल गेटवर सांभाळून ठेवतो. म्हणजे वायफाय चालू आणि बॅटरीही वाचते, ही सोय मुळातच आहे.

ए-३०१ आजोबा, २:१२
मग काकूंचं पार्सल कुठे अडकलं?

बी-५०४, २:१४
तेच शोधायचंय. काकू, दोन गोष्टी सांगा. फोन चार्जिंगला असताना गेटचा कॉल वाजतो का? आणि एक टेस्ट करा. फोन चार्जरवरून काढून ओट्यावर ठेवा, तासभर हात लावू नका. मग काकांच्या फोनवरून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायला सांगा. आणि मामांना अ‍ॅपवरून.

बी-१०२ काकू, २:१६
तासभर हात लावायचा नाही? मग ग्रुप कसा वाचू?

बी-५०४, २:१६
काकांच्या फोनवर वाचा 🙏

बी-१०२ काका, ३:३१
काकू बोलते आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा वाजला. मामांचा नाही वाजला. आणि हो, रात्री चार्जिंगला असतो तेव्हा दूधवाल्याचा पहाटे बरोबर वाजतो. त्यावरून मी यांच्याशी भांडले होते की तुम्ही फोन सायलेंट करता म्हणून.

बी-५०४, ३:३८
मग वायफाय निर्दोष आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्याच वायफायवरून वाजला ना? लोच्या बॅटरी वाचवण्यात आहे.

अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, डोझ नावाचा प्रकार आला. स्क्रीन बंद, चार्जर नाही आणि फोन एका जागी निपचित पडलेला, असं काही वेळ राहिलं की फोन अ‍ॅप्सना नेट वापरू देत नाही. मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडतो, सगळ्यांची कामं उरकतो, पुन्हा बंद. खिशात असला तर पुढच्या अँड्रॉइडमध्ये थोडी हलकी झोप घेतो, ओट्यावर असला तर गाढ. चार्जिंगला लावला की ही झोपच नाही. म्हणून तुमचा दूधवाला वाजतो आणि सिलिंडरवाला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल 'अर्जंट' शिक्का मारून येतो, त्याला डोझमधूनही वाट मिळते. गेटच्या अ‍ॅपलाही मिळायला हवी. पण डोझच्या वर फोन कंपन्यांनी आपापल्या पहारेकऱ्यांची आणखी एक फळी उभी केलेली असते. जे अ‍ॅप तुम्ही रोज उघडत नाही ते 'बिनकामाचं' ठरवून त्याला झोपवतात. गेटचं अ‍ॅप कोण रोज उघडून बघतं?

ए-६०२, ३:४४
आयफोनला काय करायचं?

बी-५०४, ३:४५
तिथे ही भानगड नाही. लो पॉवर मोड आणि फोकस (कॉल-नोटिफिकेशन गप्प करणारा मोड) तपासा. काहींचा फोकस आपोआप लागलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो.

काकू, आता हे करा. गेटच्या अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो'त जा, तिथे 'बॅटरी', आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स', जे दिसेल ते. त्याच पानावर 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू. सॅमसंगवाल्यांनी बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स' या यादीत ते टाकावं. आणि कृपा करून सगळ्याच अ‍ॅप्सना ही सवलत देऊ नका. पत्त्यांच्या गेमने रात्रभर जागून काय उपयोग? गेटचं, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं. बास.

बी-१०२ काकू, ४:१०
केलं. आता बघू.

सी-२०३ वहिनी, ४:२२
माझं वेगळं आहे. मला व्हॉट्सअ‍ॅपही वाजत नाही. सी विंगच्या मागच्या बाजूला सिमला रेंज नाही, म्हणून वायफाय कॉलिंग वापरते. रात्री फोन उशाशी, चार्जिंगला. सकाळी बघावं तर वरचं वायफायचं चिन्ह गेलेलं. मुलगी न्यू जर्सीत, तिची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. परवा तिने ४ कॉल केले, नंतर घाबरून सासूबाईंच्या लँडलाइनवर केला.

सी-४०४, ४:२५
राऊटर बदला वहिनी. सध्या सेल चालू आहे.

बी-५०४, ४:३१
थांबा, ३००० रुपये घालवायच्या आधी. चार्जिंगला असूनही तुटतं म्हणजे हा डोझ नाही. इथे वायफायच सुटतंय. वायफाय कॉलिंगमध्ये फोन तुमच्या नेटवरून सिम कंपनीपर्यंत एक बंद बोगदा खणून ठेवतो. वायफाय सुटलं की बोगदा ढासळतो, आणि खाली रेंज नाही, म्हणजे फोन चक्क आऊट ऑफ कव्हरेज. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर लॉग असतो, म्हणजे कोण कधी जोडलं, कधी सुटलं याची नोंद. रात्रीच्या वेळा वाचून इथे टाका. राऊटरच्या मागच्या स्टिकरवर त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड असेल. पासवर्ड इथे टाकू नका!

सी-२०३ वहिनी, ९:४०
जेवणं झाल्यावर मुलाने काढून दिलं. माझा फोन बाहेर पडल्याच्या वेळा: १:०७, २:०७, ३:०७, ४:०७. मधे कधीतरी परत जोडला जातो, शेवटी जोडलाच जात नाही. बरोबर तासातासाने! भुताटकी वाटते.

बी-५०४, ९:४६
वहिनी, वेळ टाकून तुम्ही अर्धं काम केलंत 👏

घड्याळ लावल्यासारखं तासाने तुटतं म्हणजे रेंज नाही, भिंत नाही, फ्रीज नाही. हे कोणीतरी ठरवून करतंय. राऊटर घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी एक सामायिक किल्ली ठेवतो आणि ती ठरावीक वेळाने बदलतो. बऱ्याच राऊटरमध्ये हा आकडा ३६०० सेकंद असतो. म्हणजे एक तास. किल्ली बदलली की प्रत्येकाला नवी देतो आणि 'मिळाली' अशी पोच मागतो. दोनतीनदा विचारूनही पोच आली नाही तर सरळ बाहेर काढतो. तुमचा फोन किती जुना?

सी-२०३ वहिनी, ९:४८
२०१७ चा. चालतोय की अजून.

बी-५०४, ९:५२
चालू दे. पण त्याची डुलकी जरा गाढ आहे, पोच द्यायला उठत नाही. समजा, सोसायटीने दर तासाला मेन गेटचं कुलूप बदललं आणि रात्री ३ ला दार वाजवून सही मागितली, तर आजोबा उठतील का?

ए-३०१ आजोबा, ९:५३
उठेन. आणि सेक्रेटरींनाही उठवेन.

बी-५०४, ९:५८
😂 वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर 'ग्रुप की अपडेट पीरियड' किंवा 'ग्रुप की इंटरव्हल' शोधा. ३६०० च्या जागी ८६४०० करा. २४ तास. मग दिवसातून एकदाच विचारेल. काही जण ० करायला सांगतात, म्हणजे किल्ली बदलूच नका. मी नाही करत, घरातल्या कामाला दिवसातून एकदा पुरे आहे. दुसऱ्या कशाला हात लावू नका, पासवर्ड तर काढूच नका. आणि सेव्ह केल्यावर राऊटर एकदा दुपारी बंद-चालू करा, म्हणजे पुढचा बदल दुपारी पडेल, पहाटे नाही.

मंगळवार

सी-२०३ वहिनी, ७:१२
रात्रभर चिन्ह टिकलं. पहाटे ५ ला वाजला. नातवाला दात आलाय 🥹

बी-१०२ काकू, ७:२०
अभिनंदन गं! खालचा की वरचा?

सी-२०३ वहिनी, ७:२१
खालचा.

ए-३०१ आजोबा, ८:०५
मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात काढली. एक विचारतो. लाईट गेली की तुमचं हे सगळं काय करतं? आमच्या एक्सचेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट थेट घरापर्यंत यायचे. गावभर अंधार असला तरी फोन जिवंत.

बी-५०४, ८:३०
आजोबा, तिथे मात्र तुम्ही जिंकलात. दोन सेकंद लाईट गेली तरी राऊटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. ज्यांच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि राऊटर वेगळा, त्यांचं आणखी वाईट. राऊटर आधी उठतो, फोन जोडला जातो, मागे नेटच नसतं. फोन म्हणतो 'कनेक्टेड, नो इंटरनेट' आणि काही फोन त्या वायफायवर रुसून बसतात. जनरेटर फक्त लिफ्ट आणि पंपाला आहे, घरात नाही. राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या.

खजिनदार, ८:४१
सोसायटी फंडातून नाही.

बी-५०४, ८:४१
कोणी मागितला नाही, साहेब.

शुक्रवार

बी-१०२ काकू, ११:५६
वाजला! पहिल्या रिंगला. सिलिंडर घरात. बाळा, तुला शिरा करून पाठवते.

बी-५०४, ११:५८
काकू, बेदाणे जास्त 🙏

बी-१०२ काकू, ५:४७
सेक्रेटरी साहेब, एक तक्रार आहे. दुपारपासून ३०४ चं कुरिअर, ५०१ चा प्लंबर, डी विंगचा इस्त्रीवाला, सगळ्यांचे कॉल मलाच येतायत. झोप झाली नाही.

सेक्रेटरी, ५:५५
मामांना विचारलं. ते म्हणतात, बाकी कोणाचा वाजतच नाही, १०२ चा लगेच लागतो.

बी-१०२ काकू, ५:५७
मग बाकीच्यांनी पण ते बॅटरीचं करून घ्या. ३०४, तुमचं पार्सल माझ्या चपलांच्या रॅकवर ठेवलंय. ओटीपी मीच दिला.

बी-३०४, ५:५८
काकू, ओटीपी माझ्या फोनवर आला होता ना?

बी-१०२ काकू, ५:५९
तो मुलगा म्हणाला चार आकडी काहीतरी सांगा. मी आपल्या सिलिंडरचा सांगितला. चालला.