शब्दचर्चा : 'देसेर्त'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : फ्रेंच बनावटीच्या जुन्या सामानाची एक सूची मी मराठीत आणत आहे. तीत पाहुण्यांसाठी मद्याच्या बाटल्या आणि पेले ठेवण्याची, चाके असलेली एक धातूची वस्तू आहे. तिचे वर्णन मी 'नवअभिजात काळातील ओर्मोलूची ढकलगाडी' असे केले आहे (ओर्मोलू म्हणजे सोन्याचा थर चढवलेले कांस्य). परंतु 'ढकलगाडी' म्हटले की भाजीची गाडी डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इंग्रजीतून आलेला 'ट्रॉली' शब्द घ्यावा, तर त्यात सगळा भर चाकांवर आहे. फ्रेंचमध्ये अशा वस्तूला 'देसेर्त' म्हणतात, आणि तो शब्द 'देसेर्व्हीर' म्हणजे मेजावरची भांडी आवरून नेणे या क्रियापदावरून आला आहे. जेवणानंतरच्या गोड पदार्थाचे 'डेझर्ट' हे नावही त्याच क्रियापदावरून आलेले, कारण तो पदार्थ मेज आवरल्यावर येई. आपल्याकडे पाने वाढणे आणि पाने काढणे या दोन्ही क्रियांना स्वतंत्र नावे आहेत, म्हणून हा अर्थ मराठी वाचकाला परका वाटणार नाही. फ्रेंचमध्येच 'ताब्ल रुलाँत' असाही शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ 'फिरते मेज' असा होतो, आणि मी तोच घेईन : 'पेयांचे फिरते मेज'.

मात्र 'काळातील' हा शब्द कृपया बदलावा, कारण खरी चूक तिथे आहे. हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन नगरांतील उत्खननांनंतर युरोपात प्राचीन रोमची ओढ वाढली, आणि सोळाव्या लुईच्या राजवटीत (1774–1792) ही नवाभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाची शैली फ्रान्समध्ये ऐन भरात होती. पण आपण वर्णिता त्या प्रकारची मेजे बहुतेक विसाव्या शतकाच्या मध्यावरची असतात. पॅरिसमध्ये 1880 साली सुरू झालेल्या 'मेझाँ झान्सेन' या सजावटसंस्थेचे नाव त्यांच्याशी नेहमी जोडले जाते. म्हणून 'नवाभिजात शैलीचे' असे लिहावे. 'नव' आणि 'अभिजात' यांचा संधी 'नवाभिजात' असाच होतो. शिवाय पुरावा नसेल, तर 'झान्सेनचे' न म्हणता 'झान्सेनच्या धर्तीचे' म्हणावे. भाषांतरकाराने खरेदीदाराची एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

विचारणा : आभारी आहे. 'ओर्मोलू' आणि आपला 'मुलामा' हे एकाच कुळातले आहेत का?

उत्तर : नाही, ते केवळ ध्वनिसाम्य आहे. 'मुलामा' अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी चकाकण्याचा अर्थ आहे, तर 'ओर मुल्यू' म्हणजे दळलेले सोने. सोन्याची पूड पाऱ्यात कालवून ती कांस्यावर लावत आणि मग तापवत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने चिकटून राही, आणि त्या विषारी वाफेने कारागिरांची शरीरे खंगत. विसाव्या शतकातल्या मेजावर बहुधा विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा असतो किंवा ते नुसत्या पितळेचे असते, त्यामुळे तिथे 'ओर्मोलू' लिहिणे चूक ठरेल.

बाकीच्या भागांसाठी घरचेच शब्द पुरतात : पन्हळीदार पाय, तबकाभोवतीचा बुटका कठडा, बाटली डुगडुगू नये म्हणून बसवलेले कडे. वरचे तबक उचलून घेता येत असेल, तर 'सुटे तबक' असे अवश्य नोंदवावे.