मदत हवी आहे: टायफॉइडच्या गोळ्या चालू, तरी ताप उतरत नाही

शिरपूरकर: लहान भावाला टायफॉइड निघालाय. विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे. गोळ्या चालू आहेत, पण संध्याकाळ झाली की परत १०२. घरचे म्हणतात सलाईन लावा, शेजारचे म्हणतात डॉक्टर बदला. लवकर सांगा.

धुळे लॅब: भाऊ, एवढ्यावर काय सांगणार? वय? तापाचा कितवा दिवस? कोणती गोळी, कधीपासून? विडालमध्ये टीओ आणि टीएच या दोन अँटिबॉडींचे आकडे किती? डेंग्यू, मलेरिया पाहिलं का?

शिरपूरकर: वय १९. आज सातवा दिवस. सेफिक्सिम २००, दोन वेळा, परवा रात्रीपासून. दोन्ही १:८०. विडाल दुसऱ्याच दिवशी केली. मलेरिया नाही. डेंग्यू केली नाही.

धुळे लॅब: मग ही विडाल बाजूला ठेवा. टायफॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी साधारण आठवड्यानंतर दिसतात, आणि आपल्याकडे धडधाकट माणसाचीही १:८० येते. उद्या सकाळी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) द्या, ८ ते १० मिली. अँटिबायोटिकच्या आधी दिलं असतं तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त होती, त्यामुळे आता निगेटिव्ह आलं तरी टायफॉइड नाहीच असं धरू नका. जंतू वाढला तर कोणतं औषध लागू पडतं तेही कळेल. सिप्रोफ्लॉक्सासिनला तो आता बऱ्याचदा दाद देत नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूची आयजीएम (अँटिबॉडीची तपासणी). सातव्या दिवशी नुसती एनएस१ (डेंग्यूची सुरुवातीच्या दिवसांतली तपासणी) करून उपयोग नाही.

अमळनेरचे नाना: मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय जात नाही. २१ दिवस अन्न बंद, नुसती पेज आणि मोसंबी. आणि सलाईन लावाच, ताकद येते.

सिस्टर, चोपडा: नाना, औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन-चार आठवडे चालायचा, म्हणून ती मुदत. आता योग्य औषधावर चार ते सहा दिवसांत उतरतो. शिरपूरकर, तुमचे दोनच झालेत, डॉक्टर बदलायची घाई नको. दर सहा तासांनी ताप लिहून ठेवा. रोजचा सर्वात वरचा आकडा खाली येतोय का, ते पाहा. ५ टक्के ग्लुकोजच्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, एका मोठ्या केळ्यातून त्याहून जास्त ताकद मिळते. उलट्या थांबत नसतील तरच सलाईन. अन्न तोडू नका. मुगाची मऊ खिचडी, केळी, उकडलेलं अंडं द्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि शेवभाजी मात्र नको, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा असतात.

अमळनेरचे नाना: खिचडीवर कच्चं तेल तरी घेऊ देऊ नका.

सिस्टर, चोपडा: हे बरोबर. तापाला फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ब्रूफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या अजिबात नको. पोट अचानक दुखून कडक झालं, काळी शौच झाली, किंवा ताप एकदम उतरून नाडी जोरात धावू लागली, तर रात्र असली तरी सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. आतड्याला भोक पडणं बहुधा तिसऱ्या आठवड्यात होतं, म्हणून बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

तापीकाठ: गोळ्यांचं राहू द्या, आधी टाकी धुवा! नळ आठवड्याने येतो, पाणी ड्रममध्ये पडून राहतं. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका.

धुळे लॅब: ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर अडीच ग्रॅम पुरते. पोतं उघडं राहिलेलं असेल तर क्लोरीन उडालेला असतो, मग पाचनेही भागत नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन पाहायची) करा, लिटरला ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम यायला हवं.

यावलकर: टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. एकच डोस.

सिस्टर, चोपडा: घरातल्या बाकीच्यांसाठी चांगली, पण चढलेल्या तापावर तिचा उपयोग नाही.

शिरपूरकर: कल्चर उद्या देतो. भाऊ हॉटेलात वाढप्या आहे, मालक सोमवारी बोलावतोय. ताप नसेल तर पाठवू का?

धुळे लॅब: हे आधी सांगायचं होतं! नाही, पाठवू नका. ताप गेल्यावरही शौचावाटे जंतू पडत राहतात, आणि काहींच्या पित्ताशयात तर वर्षाहून जास्त राहतात. कोर्स संपल्यावर शौचाचं कल्चर सलग तीनदा निगेटिव्ह येईपर्यंत त्याने दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही. मालकाला डॉक्टरांची चिठ्ठी द्या.