मदत हवी आहे: वडील ॲडमिट आहेत, टाचेला जखम झालीय

नमस्कार मंडळी. वडील (वय ७१, जुना मधुमेह) न्यूमोनियामुळे सांगलीत ॲडमिट आहेत. छाती सुधारतेय, पण पडून पडून उजव्या टाचेला काळसर फोड आला आणि आता तो फुटलाय. पाय बधिर असल्याने त्यांना काही दुखतच नाही. आईने पाय पुसायला मोजा काढला, तेव्हा कळलं. राउंडला छाती रोज तपासतात, पाय कुणी बघत नाही. याचीच फार काळजी वाटते.

सध्या पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवतोय. ड्रेसिंग रोज होतं. पण पायाचा रक्तपुरवठा अजून तपासलेला नाही. त्यासाठी एरवी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात खरा, पण मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर तो आकडा फसवा चांगला येतो. मग डॉपलरचा (रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीचा) आग्रह धरू का? व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना आत्ताच बोलवायला सांगावं की डिस्चार्जनंतर दाखवावं? टाचेवर भार न येऊ देणारा बूट सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कुठे मिळेल?

कुणाच्या घरी असं झालं असेल तर डॉक्टरांशी नेमकं काय बोललात तेही लिहा. हळद, लेप वगैरे कृपया सुचवू नका, उघड्या जखमेत तसलं काही घालणार नाही.