गायरानात लाल-केशरी छत्र्या: हायग्रोसायबे आहे का? नोंद कशी करावी?

प्रश्न · माळरान_उत्तरसोलापूर

उत्तर सोलापूर तालुक्यात, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका गायरानात कुसळी आणि पवन्या गवतात भडक लाल-केशरी छत्र्या (अळंबी) उगवल्या आहेत. टोपी टोकदार, दोन-तीन सेंटिमीटर रुंद, पावसानंतर बुळबुळीत. देठ पिवळा, तळाशी पांढरट. हाताळलेली जागा थोड्या वेळात काळी पडते. जमीन मुरमाड, कधी नांगरलेली नाही. ही हायग्रोसायबे (मेणचट अळंबींचा एक गट) असावी का? खात्री करायला काय काय तपासावं? आणि याच गायरानात चर मारून झाडं लावायचं चाललंय, त्याने यांचं काय होईल?

कवकवेधी

वर्णन हायग्रोसायबेच्या कोनिका या जातीच्या गटाशी चांगलं जुळतं. टोकदार टोपी आणि काळं पडणं या दोन खुणा एकत्र असणं फार बोलकं आहे. या छत्रीत डोपा नावाचं द्रव्य असतं. पेशी फुटल्या की हवेशी संयोग होऊन त्याचं मेलॅनिन बनतं, म्हणून आधी बोटांचे ठसे काळे उमटतात आणि म्हातारी छत्री तर आपोआप कोळशासारखी होते. लाल-पिवळा रंग बीटालेन गटातल्या रंगद्रव्यांचा.

तरी नुसत्या फोटोवर नाव ठरवू नका. जागेवरच एक गिल (टोपीखालची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी) चिमटीत चुरून बघा: हायग्रोसायबेच्या गिल्स जाड, विरळ आणि मेणासारख्या लागतात. मग स्पोअर प्रिंट, म्हणजे टोपीतून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा, घ्या. देठ कापून टोपी गिल्स खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका, वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. ठसा पांढरा यायला हवा. गुलाबी आला तर एंटोलोमा हा वेगळाच अळंबी-गट असू शकतो. तपकिरी किंवा गंजासारखा आला तर हायग्रोसायबे नक्कीच नाही. ठसा उमटलाच नाही, तर टोपी फार कोवळी होती किंवा पंख्याखाली सुकली. केवळ पांढऱ्या कागदावर घेतलेला पांढरा ठसा दिसतच नाही, इथे बरेच जण फसतात.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू गुळगुळीत, साधारण ८ ते ११ मायक्रॉन लांब, आणि मेल्झर या आयोडीनच्या द्रावणात निळे-काळे न होणारे हवेत. किमान वीस मोजा. एका बीजाणूधारक पेशीवर दोन बीजाणू आहेत की चार, तेही लिहा, कारण दोनवाल्यांचे बीजाणू मोठे असतात आणि मापांचा गोंधळ होतो.

खायचा विचार कुणी करू नये. कोनिका संशयास्पदच धरतात.

गवत_आणि_कवक

नमुना घेण्याबद्दल: अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, तिथे फक्त फोटो. गायरानात कोवळी, पूर्ण उघडलेली आणि काळी पडू लागलेली अशा वेगवेगळ्या वयाच्या दोन-तीन पुरेत. बाकीच्या राहू द्या. देठ ओढून तोडू नका. सुरीने खालून तीनेक सेंटिमीटर मातीसकट उचला, म्हणजे तळाचा रंग हाती लागतो. वारुळावरच्या अळंबीला असतं तसं लांब मुळासारखं शेपूट इथे नसतं.

पॉलिथिनमध्ये अजिबात ठेवू नका, घाम सुटून संध्याकाळपर्यंत लगदा होतो. वर्तमानपत्राच्या पुडीत, डब्यात. टोपीचा ताजा रंग, चिकटपणा, वास आणि काळं पडायला लागलेला वेळ त्याच दिवशी लिहा, कारण वाळल्यावर यातलं काहीच उरत नाही. वाळवण ४० ते ४५ अंशांवर, पापडासारखं कडक होऊन मोडेपर्यंत. त्याहून गरम केलं तर छत्री आतून शिजते, आणि डीएनएही खराब होतो. मग झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवकसंग्रह आहे. नमुना ठेवण्याबद्दल तिथे विचारा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण धूसर ठेवा. भडक रंगाच्या छत्रीकडे लोक धावत येतात आणि जमीन तुडवतात.

पडीक_नव्हे_माळ

ही छत्री दुर्मीळ आहे का, असा प्रश्न कुणालाही पडेल; त्याबद्दल माझं थोडं वेगळं मत. कोनिका जगभर पसरलेली आहे, केवळ नावाने ती दुर्मीळ ठरत नाही. युरोपातली तिची गुलाबी नातेवाईक पोर्पोलोमोप्सिस कॅलिप्ट्रिफॉर्मिस मात्र आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत असुरक्षित आहे, आणि तिच्यावर संकट ज्या कारणाने आलं ते आपल्यालाही लागू पडतं: न नांगरलेली, खत न पडलेली, आखूड गवताची जमीन संपत चालली. या छत्र्यांना नत्र-स्फुरद वाढलेलं सोसत नाही. खत थांबवल्यावरही अशी कुरणं पूर्ववत व्हायला दशकं लागू शकतात. म्हणजे दुर्मीळ आहे ती तुमची जमीन.

झाडं लावणार म्हणता, कोणती? गिरिपुष्प किंवा सुबाभूळ असेल तर दोन्ही शेंगावर्गीय, मुळांवरच्या गाठींतून आणि पाल्यातून नत्र वाढवणारी, वर सावली. चरांनी तर जमिनीतलं कवकजाळ (छत्र्या ज्यातून उगवतात ते तंतूंचं जाळं) तुटतंच, शिवाय मुरूम गवतावर पडतो. मेंढ्या दिवसा चरून गेल्या तर उलट बरं, गवत आखूड राहतं. पण रात्रीचा तळ त्या तुकड्यावर बसू देऊ नका, लेंड्या-मूत एका जागी साठतं.

पंचायतीपुढे जाताना कवकापासून सुरुवात करू नका. गवताचा लिलाव, चारा, काळवीट आणि धाविक पक्षी, हे आधी मांडा. गट नंबर आणि नकाशावर तुकडा आखून द्या, आणि झाडांसाठी रस्त्याची कड, शाळा, विहिरीचा परिसर असा पर्याय सोबतच न्या. नुसता नकार घेऊन गेलात तर ऐकलं जात नाही.

माळरान_उत्तरसोलापूर

ठसा पांढराच आला, गिल्स मेणचट. वाळवायला डिहायड्रेटर नाही. उन्हात चालेल का?

कवकवेधी

पावसाळी उन्हाचा भरवसा नाही, आणि अर्धवट वाळलं की अळ्या आतून पोखरतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब, वर वीतभर अंतरावर जाळी, जाळीवर छत्र्या सुट्या सुट्या, खोक्याला वर-खाली भोकं. जाळीपाशी थर्मामीटर ठेवा. ४५ च्या वर गेला तर जाळी उंच करा. पुठ्ठा बल्बला टेकू देऊ नका आणि पेटता बल्ब सोडून बाहेर जाऊ नका.